समाजमाध्यमांवरील शिक्षकांचे गट : बालाघाटच्या सीमेवरून

शिक्षकाने स्वतःच्या व्यवसायातील इतरांशी ओळख ठेवावी, आपल्या वर्गातील अडचण त्यांच्यापुढे मांडावी आणि त्यांच्याकडून काही शिकावे, यासाठी व्हॉट्सॲप, फेसबुक, टेलिग्राम, यूट्यूब, एक्स यांसारख्या माध्यमांचा जो वापर होतो, त्याला अभ्यासक ‘व्यावसायिक शिक्षण-जाळे’ असे म्हणतात. शब्द जड आहे; गोष्ट साधी आहे. शिक्षकांच्या मधल्या सुट्टीतील गप्पा शाळेच्या भिंतीबाहेर गेल्या, एवढाच तिचा अर्थ. मात्र ज्या शाळेत गप्पा मारायला दुसरा शिक्षकच नाही, तेथे याच साध्या गोष्टीचे मोल वेगळे ठरते. देशात २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. त्यांपैकी मध्य प्रदेशात सात हजारांहून अधिक, तर महाराष्ट्रात आठ हजारांहून अधिक होत्या. या शाळांतील शिक्षकाला चौथीच्या गणिताविषयी शंका आली, तर ती विचारायची कोणाला, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नसून एकटेपणाचा आहे.

हा विषय पाहण्यासाठी मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा अनेक अर्थांनी सोयीचा आहे. वैनगंगेच्या काठी वसलेला, २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १७ लाख लोकसंख्येचा हा जिल्हा १८६७मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाघ आणि बावनथडी या नद्या आज राज्यसीमा आखतात. पण नाती, बाजारहाट आणि आजारपणातील धावपळ यांच्यासाठी गोंदिया व नागपूर ही शहरे पूर्वीइतकीच जवळ आहेत. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील वारासिवनी, कटंगी, खैरलांजी, लांजी, किरनापूर या सखल भागांत पोवारी, मराठी आणि हिंदी एकमेकींत मिसळतात. बैहर, बिरसा, परसवाडा या डोंगराळ भागांत गोंड आणि बैगा समाजाची वस्ती आहे. शाळेची भाषा हिंदी, घरची भाषा चार प्रकारची आणि शेजारच्या गावातील पाठ्यपुस्तक मराठी, अशा ठिकाणी शिकवणाऱ्याला सल्ल्याची गरज इतरांपेक्षा अधिक असते.

मोबाइलच्या आधीची जाळी

शिक्षकांनी शिक्षकांशी बोलावे, ही कल्पना फोनबरोबर आलेली नाही. मराठीत ‘शालापत्रक’ हे मासिक एकोणिसाव्या शतकात शाळा आणि शिक्षक यांच्यासाठीच चालत होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री यांनी त्याचे संपादन केले. ते १८७५मध्ये बंद पडले. सरकार व मिशनरी यांच्यावरील विष्णुशास्त्र्यांची टीका त्याला कारणीभूत ठरली, असे मानले जाते. सरकारी नोकरीतल्या शिक्षकाने जाहीरपणे किती आणि काय बोलावे, हा वाद त्यामुळे व्हॉट्सॲपपेक्षा बराच जुना आहे.

मध्य प्रदेशातील सर्वांत महत्त्वाचा दाखला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा. ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी १९७२मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञान शिकवण्यास प्रारंभ केला. १९७८मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. १९८२मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली, आणि शेवटी तो जवळपास हजार शाळांपर्यंत पोहोचला. त्याची ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके आणि पुस्तक उघडे ठेवून द्यावयाची परीक्षा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट वेगळी आहे. दर महिन्याला परिसरातील शिक्षक एका ठिकाणी जमत आणि पुढच्या महिन्यात कोणता प्रयोग करायचा, मागच्या महिन्यात कोणता फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारल्यावर आपण निरुत्तर झालो, यावर बोलत. विद्यापीठांतील आणि संशोधनसंस्थांतील वैज्ञानिक या शिक्षकांच्या समवेत बसत. शिक्षकांसाठी पत्रिका निघे. मुलांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पोस्टाने प्रश्न पाठवीत आणि त्यांना उत्तरे मिळत. २००२मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम थांबवला.

आजच्या कोणत्याही शिक्षकगटाचे मूल्यमापन करायचे झाले, तर त्या मासिक बैठकीशी तुलना करावी. फसलेला प्रयोग सांगण्याची मोकळीक तेथे होती. ही मोकळीक ज्या गटात नाही, त्या गटात सदस्य कितीही असोत, तेथे शिकणे घडत नाही, असे माझे मत आहे.

मराठीतही त्या परंपरेचा धागा आहे. एकलव्यच्या ‘शैक्षिक संदर्भ’ या हिंदी नियतकालिकापासून प्रेरणा घेऊन पुण्याहून ‘शैक्षणिक संदर्भ’ निघू लागले. ‘पालकनीती’ १९८७पासून चालू आहे. ही नियतकालिके दुर्गम शाळांत किती पोहोचली, हा प्रश्न उरतोच. टपालाने येणारा अंक आणि खिशातील फोन यांच्या वेगाची तुलना होऊ शकत नाही.

गट कसे वाढले

व्हॉट्सॲपच्या एका गटात २०१४च्या अखेरीस १०० आणि २०१६च्या फेब्रुवारीपासून २५६ सदस्य घेता येऊ लागले. २०२२मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि नंतर १०२४ झाली. हे तपशील तांत्रिक वाटले, तरी शिक्षणव्यवस्थेच्या रचनेशी त्यांचा थेट संबंध आहे. शंभराच्या मर्यादेत एका केंद्रातील शिक्षक मावतात. अडीचशेच्या मर्यादेत लहानसा तालुका बसू लागतो. हजारांत जिल्ह्यातील एका विषयाचे सारे शिक्षक येतात. गट जसजसा मोठा झाला, तसतसे त्यातील बोलणे कमी आणि घोषणा अधिक होत गेल्या. याच काळात, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओची सेवा सुरू झाली आणि चित्रफीत पाहणे एकाएकी स्वस्त झाले. तो दिवस शिक्षक दिनाचा होता, हा निव्वळ योगायोग. परंतु प्राथमिक शिक्षकांच्या व्यवसायावर त्या दिवसाइतका परिणाम क्वचितच दुसऱ्या एखाद्या दिवसाने केला असेल. बरोबर एक वर्षाने, ५ सप्टेंबर २०१७ रोजी, केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले.

महाराष्ट्रात जमीन आधीच नांगरलेली होती. २२ जून २०१५च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. तेव्हाचे शिक्षण विभागाचे प्रधान सचिव नंदकुमार यांनी शिक्षकांशी थेट, आणि बरेचदा मोबाइलवरून, संवाद ठेवण्यावर भर दिला. साताऱ्याजवळील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी पद्धतीने चाललेले वर्ग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. पाहून गेलेल्या शिक्षकाने आपल्या वर्गाच्या फरशीवर रंगाने संख्यारेषा आखायची, तिचे छायाचित्र गटावर टाकायचे आणि ते पाहून तिसऱ्याने आपल्या शाळेत आखायची, असा तो काळ होता. त्यात अनुकरणाचा भाग मोठा होता, हे नाकारता येणार नाही. फरशी रंगली म्हणून रचनावाद आला, असे होत नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतील काम दाखवण्याजोगे आहे, ही भावना त्यातून निर्माण झाली आणि ती टिकली.

‘ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातील ‘एटीएम’, हा गट याच वातावरणात वाढला. अकोले तालुक्यातील शिक्षक भाऊसाहेब चासकर आणि कर्जत तालुक्यातील विक्रम अडसूळ ही त्यातील परिचित नावे. व्हॉट्सॲपवरील चर्चेतून पुढे प्रत्यक्ष शिक्षण संमेलने भरू लागली. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी फोनवर ओळख, मग प्रत्यक्ष भेट आणि भेटीनंतर फोनवरील बोलण्याला आलेला मोकळेपणा, असा तो क्रम होता.

रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत शिकवताना त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरला आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही तो आला. स्काइपवरून त्यांच्या वर्गाने इतर देशांतील वर्गांशी संवाद साधला. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाला, तेव्हा त्यांनी त्याची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे घोषित केले. वृत्तपत्रांनी पुरस्काराच्या रकमेला मथळा दिला. आमच्या व्यवसायाची ती सवयच आहे. त्या नऊ शिक्षकांशी नाते जोडावे असे एका खेड्यातील शिक्षकाला वाटले, ही त्यातील खरी बातमी होती.

जगात इतरत्र हे आधीपासून चालू होते. २००९च्या जुलैत ट्विटरवर ‘एडचॅट’ ही शिक्षकांची साप्ताहिक चर्चा सुरू झाली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला, एका प्रश्नावर जगभरचे शिक्षक लिहीत. कर्नाटकात राज्याच्या शिक्षण विभागासह ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेने सरकारी माध्यमिक शाळांतील विषयशिक्षकांना ईमेलच्या माध्यमातून एकत्र आणले. त्या शिक्षकांनी प्रश्नपत्रिका, प्रयोग, शंका यांची कन्नडमध्ये देवघेव केली. प्रादेशिक भाषेत असा मंच टिकू शकतो, हे त्या उपक्रमाने दाखवले.

बालाघाटच्या फोनवर काय येते

मध्य प्रदेशात समाजमाध्यमांचा प्रवेश प्रामुख्याने वरून खाली झाला. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. त्यानंतर ‘डिजिलेप’ या योजनेखाली राज्य शिक्षा केंद्राकडून दररोज अभ्यास-चित्रफिती व्हॉट्सॲप गटांतून पाठवल्या जाऊ लागल्या. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून विकासखंडाला, तेथून जनशिक्षा केंद्राला, मग शाळेला आणि शेवटी पालकांना, अशी ती साखळी होती. ६ जुलै २०२०पासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि शिक्षकांनी वस्तीत जाऊन मुलांना गाठावे असे सांगण्यात आले. त्याच वर्षी ‘सीएम राइज’ नावाने शिक्षकांचे डिजिटल प्रशिक्षण दीक्षा व्यासपीठावरून चालू झाले. त्याचे दुवे याच गटांतून येत. केंद्राच्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणानेही २०२०च्या ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन रूप घेतले.

या रचनेने एक मोठे काम केले. ज्या शिक्षकाकडे कधी प्रशिक्षणाचे पत्र वेळेवर पोहोचले नव्हते, त्याच्याकडे साहित्य त्याच दिवशी पोहोचू लागले. पण पन्हाळीतून पाणी एकाच दिशेने वाहते. वरून येणारी चित्रफीत खाली पोहोचे. खालचा अनुभव वर जाताना मात्र तो ‘किती जणांनी पाहिली’ या आकड्यात रूपांतरित होऊन जाई. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवते. प्रमाणपत्र मिळवून देणारा ऑनलाइन अभ्यासक्रम या तासांत सहज मोजता येतो. रात्री नऊ वाजता दुसऱ्या शाळेतील शिक्षकाशी भागाकारावर झालेली वीस मिनिटांची चर्चा कोणत्याही रकान्यात बसत नाही. मोजता येणारे टिकते आणि न मोजता येणारे गळते, हा प्रशासनाचा स्वभावच आहे.

त्यात हजेरीचा प्रश्न मिसळला. मध्य प्रदेशात आधी ‘एम शिक्षा मित्र’ आणि २०२५मध्ये ‘हमारे शिक्षक’ या ॲपवरून शिक्षकांनी हजेरी नोंदवावी, असे ठरले; शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. हजेरी घ्यावी की नाही, हा स्वतंत्र विषय आहे. पण ज्या उपकरणाने शिक्षक सकाळी आपली उपस्थिती सिद्ध करतो, दुपारी छायाचित्रासह माध्यान्ह भोजनाचा अहवाल पाठवतो आणि संध्याकाळी ‘तत्काळ’ अशी सूचना वाचतो, त्याच उपकरणावर रात्री त्याने मोकळेपणाने ‘मला हे शिकवता येत नाही’ असे लिहावे, ही अपेक्षा फार आहे. अतिथी शिक्षकाच्या बाबतीत तर ती अधिकच. ज्याची नेमणूक तात्पुरती आहे, तो अधिकारी असलेल्या गटात आपले अज्ञान कशाला मांडील?

म्हणून ज्यांना खरोखर अभ्यासगट चालवायचा आहे, त्यांनी सूचनांचा गट आणि अभ्यासाचा गट वेगळा ठेवावा. व्हॉट्सॲपने २०१८मध्ये केवळ प्रशासकच संदेश टाकू शकतील अशी सोय दिली. सूचनांच्या गटाला ती लावली, की ‘जी सर’, ‘नमस्कार’ आणि हात जोडलेल्या चिन्हांचा पूर ओसरतो. अभ्यासगट लहान असावा. तीस-चाळीस जणांच्या गटात न बोलणाऱ्याची अनुपस्थिती जाणवते. हजारांच्या गटात बोलणारे दहाच असतात.

शिकणे नेमके कशाला म्हणावे

या गटांतून फिरणारे बहुतांश साहित्य वाढदिवसाच्या शुभेच्छा, सुविचार, परिपत्रके आणि दुसऱ्याने केलेल्या कार्यपत्रिका अशा स्वरूपाचे असते. कार्यपत्रिका उपयोगी असतात. उद्याचा तास निभावतो. पण त्यातून शिक्षकाच्या समजेत भर पडतेच असे नाही. समजेत भर कशी पडते, याचे एक उदाहरण घेऊ.

तिसरीतील मूल ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ लिहिते. ‘चूक’ अशी लाल खूण करून पुढे जाणे सोपे आहे. तेच वहीचे पान, मुलाचे नाव झाकून, गटावर टाकले आणि ‘याने असे का केले असेल?’ असा प्रश्न विचारला, तर संभाषण सुरू होते. कोणी म्हणेल, हातचा घ्यायला विसरला. दुसरा म्हणेल, विसरला असता तर त्याने उत्तर सोडून दिले असते. त्याने दोन्ही स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, पाचातून दोन आणि सातातून दोन. म्हणजे ‘मोठ्यातून लहान’ हा नियम त्याने स्वतः बांधला आहे. तिसरा सांगेल, मी दशकाच्या जुड्या आणि सुट्या काड्या हातात देतो, जुडी सोडायला लावतो, तेव्हा हे थांबते. चौथा विचारील, काड्यांनी बरोबर येते पण वहीत पुन्हा तेच होते, तेव्हा काय करावे? ही चौथी शंका सर्वांत मोलाची, कारण तिचे तयार उत्तर पुस्तकात नाही. चुकीकडे पाहण्याची चौघांचीही दृष्टी या संभाषणानंतर बदललेली असते. मूल निष्काळजी होते, हे निदान आता पुरत नाही.

जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१मध्ये मांडलेल्या विचारात शिकणे म्हणजे एखाद्या व्यवसायसमूहात हळूहळू सामावले जाणे, असे म्हटले आहे. नवा शिंपी आधी काठावर बसतो, लहान कामे करतो, जुन्यांचे बोलणे ऐकतो. गटात वर्षभर केवळ वाचत राहिलेला शिक्षकही तसा काठावर बसलेला असतो. त्याला ‘निष्क्रिय सदस्य’ म्हणून वगळण्याची घाई करू नये. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये दाखवलेली गोष्टही येथे लागू पडते. नवी माहिती जिवलग मित्रांकडून कमी आणि दूरच्या, ओझरत्या ओळखींकडून अधिक येते, कारण जिवलगांना तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक आहे.

बालाघाटच्या शिक्षकाला अशी ओझरती ओळख चाळीसेक किलोमीटरवरील गोंदियात सापडू शकते. पोवारी बोलणारी मुले सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. गोंडी बोलणारीही आहेत. पलीकडे ती मराठी माध्यमात शिकतात, अलीकडे हिंदी माध्यमात. शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असल्याने पहिलीत होणारी अडखळ दोन्हीकडे सारखीच. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९मध्ये व्यवहार्य असेल तितके मातृभाषेतून शिक्षण असावे असे म्हटले आहे. पण बैहरच्या डोंगरातील एकशिक्षकी शाळेत ते व्यवहार्य करायचे, तर किमान शंभरेक शब्दांची गोंडी किंवा बैगानी यादी, चार गोष्टी आणि आकड्यांची नावे शिक्षकाच्या हाती असावी लागतात. अशी यादी छापून येण्याची वाट पाहण्यापेक्षा गावातील आजीकडून ऐकून, ध्वनिमुद्रित करून शेजारच्या शाळेला पाठवणे फोनमुळे शक्य झाले आहे. राज्य शिक्षण विभागांच्या अधिकृत गटांना राज्याची सीमा ओलांडण्याचे कारण नसते. शिक्षकांच्या स्वतःच्या गटांना मात्र ती अडवत नाही.

गोव्यातील वाचकांना हे चित्र परके वाटू नये. सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या तालुक्यांत अत्यल्प पटाच्या सरकारी प्राथमिक शाळा आहेत, आणि राज्यातील सरकारी प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचे प्रमाण मोठे आहे. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी अशी स्थिती असलेल्या वर्गाचे प्रश्न बालाघाटच्या पोवारीभाषी वर्गाहून फार निराळे नाहीत.

छायाचित्र, कायदा आणि गटाचा प्रशासक

शिक्षकांच्या गटांतील सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे मुलांची छायाचित्रे. उपक्रमाचा पुरावा म्हणून चेहरे स्पष्ट दिसणारी चित्रे रोज पाठवली जातात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, आणि बालकाच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती हे त्या कायद्याचे मूलतत्त्व आहे. शैक्षणिक कामाला त्यात काही सवलती असल्या, तरी सवलत शिकवण्याच्या गरजेपुरती असते. शाळेच्या फेसबुक पानावर ‘गरीब मुलीस गणवेश वाटप’ अशा ओळीखाली तिचा चेहरा झळकवण्यासाठी नसते. पीडित बालकाची ओळख उघड करण्यास तर पोक्सो कायद्याच्या कलम २३ने सक्त मनाई आहे, आणि एखाद्या प्रकरणाविषयी ‘माहितीसाठी’ म्हणून पुढे ढकललेला संदेशही त्या मनाईला अपवाद ठरत नाही. वही दाखवावी, हात दाखवावेत, पाठमोरी मुले दाखवावीत. चर्चेचे काम त्याने अडत नाही.

शिक्षिकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात सामील होताच प्रत्येकाचा क्रमांक साऱ्यांना दिसतो. अनोळखी सदस्यांचे अवेळी येणारे संदेश हे अनेक जणींनी मोठ्या गटांतून बाहेर पडण्याचे कारण असते, आणि त्या बाहेर पडल्या की गटातील चर्चा पुरुषांचीच होते. टेलिग्रामवर क्रमांक लपवता येतो. शिवाय तेथे नव्याने आलेल्यालाही मागील संवाद वाचता येतो. साठवण आणि शोध यांसाठी ते माध्यम अधिक सोयीचे असूनही शिक्षक व्हॉट्सॲपवरच राहतात, कारण कार्यालय तेथे आहे.

सरकारी शिक्षक जाहीरपणे काय लिहू शकतो, हे सेवानियम ठरवतात. मध्य प्रदेशात नागरी सेवा (आचरण) नियम, १९६५ आणि महाराष्ट्रात १९७९चे वर्तणूक नियम लागू आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२५च्या जुलैअखेर समाजमाध्यमांच्या वापराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढून वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास आणि शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका न करण्यास सांगितले. पाठ्यपुस्तकातील एखादा धडा मुलांना कळत नाही, हे म्हणणे शैक्षणिक निरीक्षण आहे की धोरणावरील टीका, याचा निर्णय शेवटी वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनःस्थितीवर सोडला जातो. अशा अनिश्चिततेत माणूस सुविचार पाठवणे पसंत करतो.

गट चालवणाऱ्यांना वाटणारी भीती मात्र एका निवाड्याने बरीच कमी केली आहे, आणि तो निवाडा बालाघाटच्या शेजारून आला. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव येथे एका गटात सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरावरून २०१६मध्ये गटाच्या प्रशासकावरही गुन्हा नोंदवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. सदस्य जोडणे आणि काढणे एवढाच अधिकार असलेल्या प्रशासकाला, समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याखेरीज, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मध्य प्रदेशातील न्यायालयांवर हा निवाडा बंधनकारक नाही. युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो. स्वतः आक्षेपार्ह मजकूर पुढे पाठवणाऱ्याला मात्र त्याने कोणतेही संरक्षण दिलेले नाही.

अफवांच्या बाबतीत कंपनीनेच बंधने घातली आहेत. भारतात २०१८च्या जुलैत एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आली; २०२०च्या एप्रिलपासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दुहेरी बाणाची खूण दिसली, की तो मजकूर पुष्कळ हातांतून आला आहे, एवढे तरी शिक्षकाने वर्गातील मुलांना दाखवावे. बदलीची बनावट यादी आणि सुट्टीचे खोटे परिपत्रक यांना सर्वाधिक बळी पडणारा वर्ग शिक्षकांचाच आहे, हे जरा गमतीचे आणि जरा खेदाचे.

डोंगरभागातील जाळ्याचा प्रश्न राहतो. परसवाडा किंवा बिरसा विकासखंडातील काही गावांत आजही चित्रफीत पाहणे कष्टाचे आहे. तेथे चित्रफितीऐवजी लहान ध्वनिमुद्रण आणि छायाचित्राऐवजी टंकलेला मजकूर पाठवावा. तो कमी जाळ्यातही पोहोचतो. दीक्षावरील साहित्य उतरवून घेऊन नंतर जाळ्याविना पाहता येते. जनशिक्षा केंद्रात दरमहा ‘शैक्षिक संवाद’ या नावाने शिक्षकांची बैठक ठरलेली असते. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षण परिषद असते. महिनाभर गटावर आलेल्या शंकांपैकी तीन शंका निवडून त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायच्या, एवढा बदल करण्यास कोणत्याही नव्या ॲपची, निधीची वा आदेशाची आवश्यकता नाही. ५२ वजा २७चे ते पान तेथे टेबलावर ठेवता येते, काड्यांची जुडीही सोबत नेता येते.